ऐकून घेणारा

आमच्या मनोरुग्णालयात दोन वॉर्ड, एक बायकांचा, एक पुरुषांचा, आणि दोन्हींना जोडणारा एक लांब व्हरांडा. व्हरांड्याच्या मधोमध माझी खोली. खोली म्हणजे काय, पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. अजून फिनेलचा वास जात नाही. माझं काम खात्री करण्याचं. पेशंट म्हणाला की शेजारी भिंतीला कान लावून बसतो, तर मी जाऊन शेजाऱ्याला भेटायचं. पेशंट म्हणाली की ऑफिसातले साहेब माझ्यावर मरतात, तर मी जाऊन साहेबांना विचारायचं, आणि साहेबांनी तांबडेलाल होऊन मला बाहेर काढायचं. एखाद्याला भ्रम आहे असं म्हणण्याआधी ती गोष्ट खोटी आहे हे कोणीतरी पाहून यावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

माझा एक नियम होता. प्रत्येकाला एकट्याला गाठायचं, दिवसाउजेडी, आणि ‘तुम्हाला काय वाटतं’ असं चुकूनही विचारायचं नाही. ‘तुम्ही स्वतः काय पाहिलंत?’ एवढंच विचारायचं. वाटणाऱ्यांना काय तोटा! पाहिलेलं विचारलं की निम्मे लोक चुळबुळ करायला लागतात. या नियमाचा मला भारी अभिमान होता. मोठे डॉक्टर शिकाऊ मुलांना तो माझ्या नावानं सांगायचे, तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर बघायची.

मोठे डॉक्टर आणखीही एक सांगायचे. “बाईच्या भ्रमात बहुधा कोणीतरी तिच्यावर प्रेम करत असतं. पुरुषाच्या भ्रमात बायको दुसऱ्या कोणावर तरी करत असते. अपवाद असतात, पण साधारण असं.” मुलं माना डोलवायची. मी मनात म्हणायची, घ्या! डोकं फिरल्यावरसुद्धा कामाची वाटणी काही चुकत नाही. शिवाय एक गोष्ट ते सांगत नसत, ती मी सांगते. संशयी पुरुष आमच्याकडे येतो तो पोलिसांबरोबर, बायकोचा हात मोडल्यावर. तोवर तो नोकरी करतो, बढती घेतो, आणि लोक म्हणतात, “स्वभावानं जरा कडक आहेत.” बाईला घरचेच घेऊन येतात, तेही लवकर. दोनदा दूध उतू गेलं की पुरे.

त्या वेळी बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, मास्तरीणबाई होत्या. गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. रोज दुपारी एक गृहस्थ आपल्याकडे येतात असं त्यांचं म्हणणं. काही मागत नाहीत, हात लावत नाहीत. “ऐकून घेतात हो,” त्या म्हणायच्या. “मान अशी एका बाजूला कलती करतात आणि शेवटपर्यंत ऐकतात. मधे तोंड घालत नाहीत.”

“मग तो पुरुष नव्हेच!” मेट्रन म्हणाली, आणि आम्ही दोघी खो खो हसलो. मास्तरीणबाईसुद्धा हसल्या.

माझी ताई माझ्याहून बरीच मोठी. आई कामावर जायची तेव्हा माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या शाळेत पालक म्हणून तीच यायची. भावजी लिफ्ट तपासायच्या खात्यात. दोर झिजलाय का, ब्रेक लागतो का, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. कशावर विश्वास ठेवायचा नाही याचाच पगार मिळतो म्हणा ना! पण बाहेरचं बाहेर ठेवावं माणसानं. ते घरी येऊन टॉवेल हुंगायला लागले. सोफ्याच्या गादीवर तळहात ठेवून बघायचे, ऊब आहे का. कामाला जाताना ताईला बाहेरून कुलूप घालायला लागले, तेव्हा मी आईकडे गेले.

“प्रेम आहे म्हणून संशय येतो,” आई म्हणाली. “तुझ्या वडिलांनी तर माझ्याकडे कधी वळूनही पाहिलं नाही.”

आता या बोलण्यावर काय कपाळ बडवून घ्यायचं!

मी मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागले. ते भावजींना तपासायला तयार झाले. भावजीही यायला कबूल झाले, कारण त्यांना वाटलं डॉक्टर ताईला समज देतील. मला एवढंच हवं होतं की ताईच्या दाराचं कुलूप निघावं आणि भावजींना औषध सुरू व्हावं. घर सोडून माझ्याकडे यायला ती तयार नव्हती. माझं घर आहे, मी का सोडू, म्हणायची. बरोबरच होतं तिचं.

त्या भेटीच्या आधी मी तिच्याकडे गेले, तर दाराला कुलूप नव्हतं. ताई स्वयंपाकघरात घेवडा मोडत बसली होती. चेहरा टवटवीत. मला वाटलं, चला, सुटलो.

“मी कबूल केलं,” ती म्हणाली.

“काय कबूल केलंस?”

“की येतो एकजण.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. “अगं ए, वेड लागलंय का तुला? कोण येतो?”

“कोणी नाही गं! पण नाही नाही म्हणून माझा घसा सुकला. म्हटलं, हो, येतो. काय करायचं ते करा. तर अगदी शांत झाले. मारलं नाही, ओरडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, कसा दिसतो? मला काही सुचेना. समोर पडदा होता, म्हटलं, मातकट शर्ट घालतो. डबे दिसले, म्हटलं, गोल चष्मा आहे. ठेंगणा आहे म्हटलं, म्हणजे त्यांना बरं वाटेल.” ती हसली. “मग म्हणाले, इथे येऊन करतो काय? मी म्हटलं, काही करत नाही. मान कलती करून माझं ऐकून घेतो.”

“हे मान कलती कुठून काढलंस?”

“कोण जाणे. असं कोणी असतं तर बरं झालं असतं, म्हणून निघालं असेल तोंडातून.” तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली. “झोपले गं मी त्या दिवशी. किती महिन्यांनी झोपले.”

मला तिचा इतका राग आला आणि इतकी दयाही आली की मी उठून उगाचच भांडी घासायला लागले. मास्तरीणबाईंची गंमत मीच तिला कधीतरी सांगितली असणार. डॉक्टरांना खरं काय ते सांगू, चौकशीत सगळं उघड होईलच, असं मी तिला म्हटलं.

चौकशी मीच केली. नात्यातल्या माणसाची करू नये असं आमच्याकडे आहे, पण माझ्या नियमावर माझा भरवसा होता ना!

पहिला भेटला वॉचमन. गेटपाशी स्टुलावर बसून पायाला तेल चोळत होता. ताईच्या घरी कोणी येताना स्वतः पाहिलंय का, विचारलं.

“गोल चष्मेवाले? येतात की मॅडम. लिफ्टनं नाही जात कधी. लिफ्ट समोर उभी असली तरी जिन्यानंच चढतात.”

मला वाटलं, भावजींनी पढवलं याला. पण मग शेजारच्या काकू. त्यांना भावजी आवडत नसत, लिफ्टवरून त्यांचं वाजलं होतं. दाराची साखळीही न काढता त्या म्हणाल्या, “जिन्यात भेटले होते. माझं सुनेचं सगळं रामायण ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मान अशी वाकडी करून. बहिरे आहेत का हो एका कानानं?”

जिन्याचं ताईनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिला ते माहीतच नव्हतं.

परत आले तर व्हरांड्यात मास्तरीणबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले. एरवी त्यांचा भांग पट्टीनं आखलेला असायचा.

“ते येत नाहीत आता,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“त्यांना दुसऱ्या घरी बोलावणं आलं. त्या घरच्या बाईनं आपणहून बोलावलं म्हणे. मी तरी कधी बोलावलं होतं? ते आपले येत होते.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती बाई मीच.

पुढच्या आठवड्यात त्या बऱ्या झाल्या असं ठरलं. गृहस्थांचं नाव काढत नाहीत, विचारलं तर कोणी नव्हतंच म्हणतात. भाऊ न्यायला आला तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडल्या. तेही बरं होण्याचंच लक्षण, असं मोठे डॉक्टर म्हणाले. नव्या गोळीचं नाव झालं.

भावजींना त्यांनी तपासलं आणि मला बोलावून घेतलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “भ्रम खोट्या गोष्टीचा असतो. तुमच्याच चौकशीत दोघांनी त्या माणसाला पाहिलंय. बायकोनं कबूल केलंय. मग यांना औषध कशाचं देऊ, खरं बोलण्याचं?”

“तिनं ते घाबरून सांगितलंय डॉक्टर. असा माणूस नाहीच.”

“आणि वॉचमननं, शेजारणीनं कोणाला घाबरून सांगितलं?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “बहिणीच्या बाबतीत माणूस आंधळा होतो. मी समजू शकतो.”

माझ्याच हातानं मी माझ्या बहिणीचा गळा आवळला होता. वर डॉक्टर माझी समजूतही घालत होते.

आता तुम्हाला वाटेल की भावजी चवताळले असतील. छे! खरं निघालं म्हटल्यावर त्यांची कळीच खुलली. टॉवेल हुंगणं बंद. कुलूप कायमचं गेलं. इतकंच नव्हे, त्यांनी त्या माणसाशी जमवून घेतलं. दुपारी लवकर घरी येऊन त्याच्याशी गप्पा मारायला लागले. खात्यातलं राजकारण, बढतीत झालेला अन्याय, सगळं. त्यांची तक्रार आता निराळीच होती. “माणूस समोर बसलाय आणि तुमची बहीण त्याच्या पायांवरून केर काढते,” मला फोनवर म्हणाले. “धुतलेले कपडे त्याच्या मांडीवर ठेवते हो. लाज वाटते मला.”

ताई म्हणायची, तिथे कोणी नाही. एवढंच म्हणायची. आधी हसून म्हणायची, मग चिडून, मग हळू आवाजात.

मी आईला विचारलं. माझी आई तोंडाची फटकळ, पण आयुष्यात खोटं बोललेली नाही.

“पाहिलंस तू स्वतः?”

“पाहिलं की. सभ्य वाटला मला. माझ्या गुडघ्यांचं सगळं ऐकून घेतलं. तुम्ही दोघी तर गुडघा म्हटलं की उठून जाता.” मग मला जवळ ओढून म्हणाली, “ताईला समजाव. आधी स्वतःच सांगायचं आणि मग नाही म्हणायचं, बरं दिसत नाही ते.”

मी स्वतः गेले. भर दुपार, पडदे बाजूला सारलेले, खोलीत लख्ख उजेड. भावजी आणि काकू सोफ्यावर. समोर वेताची खुर्ची, रिकामी. काकू त्या खुर्चीला सुनेचं सांगत होत्या आणि मधेमधे थांबत होत्या, कोणी मान डोलावल्यावर थांबतो तशा. खुर्चीपुढच्या टीपॉयवर चहाचा कप होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी नकारार्थी मान हलवली. मलाही कोणी दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला एवढंच हवं होतं बिचारीला.

मग तिनं पदर खोचला, सरळ चालत आली आणि त्या खुर्चीत बसली.

काकू किंचाळल्या. भावजी ताडकन उठले.

“बघा,” ताई म्हणाली, “रिकामी आहे.” खुर्चीच्या हातांवर तिनं थापा मारल्या. “काही नाही इथे. बघा ना!”

“त्याच्या अंगावर बसली!” भावजींचा आवाज फाटला. “सगळ्यांदेखत!”

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन आमच्याकडे आले. काकू बरोबर होत्या, आईसुद्धा होती. सगळ्यांनी अगदी प्रेमानं आणलं तिला. आईनं तर तिचा स्वेटर घेतला होता, वॉर्डात गार असतं म्हणून.

मोठ्या डॉक्टरांनी आई आणि काकूंना बाहेर बसवलं. आत ताई, भावजी, मेट्रन आणि मी. टेबलापलीकडे डॉक्टर. भावजींच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती. ती कोणी आणून ठेवली, मी पाहिलं नाही.

मला ती रिकामी दिसत होती. डॉक्टरांनी मात्र त्या बाजूचा पेपरवेट उचलून ठेवला, कोणाच्या तरी कोपराला लागू नये म्हणून.

“या खुर्चीत कोण आहे?” त्यांनी ताईला विचारलं.

“कोणी नाही.”

“तुम्हीच सांगितलं होतंत ना यांच्याबद्दल?”

“सांगितलं होतं. ते खोटं होतं.”

डॉक्टरांनी मान हलवली. दुःखानं हलवली, मी त्यांना दोष देत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

“आणि तुम्ही?”

मी ताईकडे पाहिलं.

“हे बहिणी-बहिणींत पसरतं, तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “एकीचा भ्रम दुसरीला. विशेषतः मोठीनं सांभाळलं असेल तर धाकटीला. मला तुमची काळजी वाटते. म्हणून विचारतो.”

मेट्रन दाराशी उभी होती. तिनं आपलं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. दोन पेशंट न्यायचे की एक, हे तिला ठरवायचं होतं.

मी भराभर विचार केला. रिकामी आहे म्हटलं तर आम्ही दोघी आत. मग बाहेरून धडपडणारं कोणी उरणार नाही. आहे म्हटलं तर माझी नोकरी राहील, वॉर्डाची किल्ली माझ्याकडे राहील, आज ना उद्या मी तिला सोडवीन. शहाणपणाचंच होतं. अजूनही मला ते शहाणपणाचंच वाटतं, आणि म्हणूनच माझं मलाच तोंड बघवत नाही.

“आहे,” मी म्हटलं. “दिसतात मला.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“काय दिसतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मातकट शर्ट. गोल चष्मा. मान कलती.”

“हे तुम्हाला आधीच माहीत होतं.” ते पुढे झुकले. “तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

खोलीत पंखा फिरत होता. मी त्या खुर्चीकडे पाहिलं. वेळ काढायला खाली, पायांच्या बाजूला पाहिलं. फरशी होती, नुसती फरशी.

“बुटाची नाडी सुटलीय,” मी म्हटलं. “उजव्या.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. डॉक्टर तर अर्धवट उठून टेबलावरून वाकले.

“अरे हो की,” भावजी म्हणाले. “अहो, पडाल ना अशानं.”

आणि टेबलाखालून आवाज आला. चामडं करकरलं. नाडी भोकातून ओढल्याचा बारीक, कोरडा आवाज.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. “ठीक आहे,” ते मला म्हणाले. “तुम्ही ठीक आहात.”

मेट्रननं ताईच्या दंडाला धरलं. ताई आपणहून उठली. तिनं काहीच ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

“रिकामी आहे गं बाळा,” ती म्हणाली. माझी समजूत घालत होती.

दार लागलं. भावजी तिचे कपडे आणायला गेले. डॉक्टरांची राउंडची वेळ झाली होती.

मला उठता येईना.

उजव्या बुटाची गाठ मारून झाली. मी उजव्याच बुटाचं बोलले होते. मग डाव्या बुटाची नाडी सुटल्याचा आवाज आला, आणि कसलीच घाई नसल्यासारखी ती पुन्हा बांधली जाऊ लागली.